स्पितीतल्या 'निळ्या मेंढ्या': मेंढी म्हणावं तर लोकर कुठाय?

सायली_कोथरूड

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, पण हा प्रश्न दोन महिने डोक्यातून जात नाहीये आणि घरी त्यावरून रोज चर्चा चाललीय म्हणून शेवटी इथे विचारते.

जूनमध्ये आईला घेऊन हिमाचलातल्या स्पितीला जाऊन आले. आई ६३ ची, त्यामुळे घाई अजिबात केली नाही, शिमल्याकडून हळूहळू चढत गेलो, काझाला तीन दिवस नुसता आराम केला आणि मग किब्बर. किब्बर साधारण ४२०० मीटरवर आहे, म्हणजे आपला सिंहगड तीनदा एकावर एक ठेवला तरी किब्बर वरच राहतं. तिथे संध्याकाळी होमस्टेच्या मागच्या उतारावर पंचवीस-तीस जनावरं चरत होती. रंग इतका दगडासारखा की एक हललं म्हणून दिसलं आणि मग एकेक करत सगळा उतारच हलायला लागला. ड्रायव्हर म्हणाला भरल. होमस्टेच्या भिंतीवर एक पोस्टर होतं त्यावर ब्लू शीप लिहिलेलं. मी आईला म्हटलं, बघ, जंगली मेंढ्या!

आता आईचं माहेर फलटण तालुक्यातलं, त्यांच्या रानात दर वर्षी धनगरांची मेंढरं बसायची, लहानपण सगळं त्यातच गेलेलं. तिने दुर्बीण घेतली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "ही कसली मेंढरं गं? अंगावर लोकर कुठाय? आणि मेंढरू असं कड्यावर चढतं होय? ही शेरडंच आहेत." मी म्हटलं अगं पोस्टरवर शीप लिहिलंय. तर म्हणे लिहिणाऱ्याने कधी मेंढरू हाताळलं नसेल.

दोन पिल्लं पण होती, अगदी नवीन, त्यांच्या आईच्या पोटाखालून इकडून तिकडे पळत होती. मी म्हटलं किती गोड कोकरं, आई म्हणाली करडं. इथवर आलंय आमचं.

दुसऱ्या दिवशी चिचमच्या पुलाकडे जाताना आणखी सात-आठ दिसली, ते सगळे नर होते बहुतेक, शिंगं जाड, आधी बाहेरच्या बाजूला जाऊन मग मागे वळलेली. त्यातल्या दोघांची झटापट चालली होती, त्याचा व्हिडिओ आहे माझ्याकडे पण लांबून काढलाय. पोटाच्या कडेने काळा पट्टा आणि पायांवर पुढून काळं. दाढी कोणालाच नव्हती, म्हणून मला वाटतं शेळी नसावी.

तर प्रश्न असा की ही मेंढी आहे की शेळी? मेंढी असेल तर लोकर का नाही? आणि भारतात खऱ्या जंगली मेंढ्या आहेत का कुठे? आणखी एक, किब्बरमध्ये एका छोट्या देवस्थानावर दगडांच्या चौथऱ्यात शिंगं रचून ठेवलेली होती, ती याच प्राण्याची का? आईला वाटेत एक शिंग पडलेलं सापडलं होतं, हातात घेऊन बघितलं आणि तिथेच ठेवून आलो.

---

डोंगरवाट

सायलीताई, आधी तुमच्या आईंना नमस्कार सांगा. भरलचं शास्त्रीय नाव स्यूडोइस नायौर. स्यूडोइस म्हणजे शब्दशः 'खोटी मेंढी'. नेपाळात ब्रिटिशांचा रेसिडेंट होता ब्रायन हॉजसन, त्याने १८३३ मध्ये या प्राण्याचं वर्णन केलं आणि पुढे १८४६ मध्ये हा वेगळा वंश (जीनस) काढला, म्हणजे तेव्हाच त्याला कळलं होतं की हे मेंढीसारखं दिसतंय पण मेंढी नाही. इंग्रजीत मात्र ब्लू शीप नाव चिकटलं ते चिकटलंच आणि आपण त्याचं निळी मेंढी केलं.

नंतर १९७३ मध्ये जॉर्ज शॅलर हे प्राणिशास्त्रज्ञ नेपाळच्या डोल्पो भागात शे गोम्पा या मठापाशी गेले ते मुख्यतः याच प्रश्नासाठी, की भरल मेंढी की शेळी. मुद्दाम हिवाळ्याच्या तोंडाला गेले कारण तेव्हा त्यांचा माजाचा काळ असतो आणि नर एकमेकांशी कसे वागतात ते नीट दिसतं. त्यांचा निष्कर्ष असा होता की ही शेळीच, पण मेंढीसारख्या काही गोष्टी अंगात असलेली. पुढे जनुकांचा अभ्यास झाला त्यातही भरल शेळ्यांच्या बाजूलाच पडलं. म्हणजे आईंचं बरोबर आहे.

तुम्ही जे वर्णन केलंय, कडेचा काळा पट्टा, पायांवर काळं, शिंगं गुळगुळीत आणि बाहेर वळून मागे, ते शंभर टक्के भरल. तिथे आयबेक्स, म्हणजे जंगली बोकड, पण असतो पण त्याची शिंगं तलवारीसारखी मागे जातात, पुढच्या बाजूने ठळक गाठी असतात आणि नराला दाढी असते, त्यामुळे गोंधळ होत नाही.

आता खऱ्या मेंढ्या. हो, आहेत आपल्याकडे, दोन, आणि दोन्ही लडाखमध्ये. एक शापो, म्हणजे लडाखी उरियल. आणि दुसरी न्यान, म्हणजे तिबेटी अरगली, जी थोडीफार उत्तर सिक्कीमच्या पठारावरही आहे. अरगली ही जगातली सगळ्यात मोठी जंगली मेंढी. पामीरमध्ये तिचीच जी जात आहे तिला मार्को पोलोचं नाव आहे कारण त्याने तेराव्या शतकात त्या शिंगांबद्दल लिहून ठेवलं, की तिथले मेंढपाळ त्या शिंगांचे वाडगे करतात, कुंपणं करतात. एकेक शिंग वळणावरून मोजलं तर दीड मीटरच्या वर जातं.

मी न्यान एकदाच बघितलीय, लडाखमधल्या त्सो कार तळ्याच्या बाजूला, सप्टेंबरमध्ये. सकाळी सहाला निघालो होतो, गाडीच्या काचेवर आतून बर्फ. गाडीवाल्याने लांब एका बोडक्या टेकडीकडे बोट दाखवलं, मला काही दिसेना. दुर्बिणीतून बघितलं तर सात माद्या, कमीत कमी एक किलोमीटर लांब, आणि त्या आमच्याकडेच बघत होत्या! आम्ही गाडीतून उतरलो सुद्धा नव्हतो. दार उघडल्याचा आवाज झाला आणि निघाल्या. आणि गंमत बघा, बाजूलाच कडा होता पण कड्याकडे गेल्या नाहीत, उघड्या उतारावरून सरळ पळत सुटल्या, लांब लांब पायांनी, आणि पळतच राहिल्या, टेकडी ओलांडून पलीकडच्या टेकडीवर गेल्या तरी थांबल्या नव्हत्या. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की मेंढी आणि शेळी यात फरक काय. मेंढीचा भरवसा पायांवर, तिला मोकळं रान लागतं, लांबचं दिसायला पाहिजे. भरल आणि आयबेक्सचा भरवसा कड्यावर, ते कड्यापासून फार लांब चरायला जातच नाहीत, काही खुट्ट झालं की दोन उड्यांत कपारीत.

शापो त्या मानाने खाली असते, सिंधू आणि श्योकच्या खोऱ्यात, गावांच्या आणि रस्त्याच्या जवळ. लेह-श्रीनगर रस्त्यावर सासपोलच्या आसपास मी बघितलीय, नराच्या गळ्याखाली काळसर केसांची झालर असते. पण रस्त्याजवळ राहते हेच तिच्या मुळावर आलं, बंदूकवाल्यांना सगळ्यात सोपं सावज तेच होतं. न्यान भारतात आता काही शेच उरल्यात. तिलाही आधी शिकारीने खाल्लं आणि आता पाळीव मेंढरांनी कुरण व्यापलं. त्सेवांग नामग्याल म्हणून लडाखचेच शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी ग्या-मिरू अभयारण्यात बघितलं की गावची मेंढरं-शेरडं वर आली की न्यान चांगलं गवत सोडून जास्त चढाच्या, कमी चाऱ्याच्या जागी सरकते आणि तिचा चरायचा वेळही कमी होतो. म्हणून मला वाटतं जिथे न्यान आहे तिथून पाळीव कळप सरळ बंद केले पाहिजेत.

शिंगांबद्दल, ती जागा म्हणजे ल्हातो, तिथल्या देवाचं ठाणं, असणार. आयबेक्स, भरल यांची शिंगं तिथे ठेवायची फार जुनी रीत आहे. तुम्ही शिंग तिथेच ठेवलं ते उत्तम केलंत, भरल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, पडलेलं शिंग उचलून आणणं पण गुन्हा आहे आणि लोक हौसेने आणतात.

---

वाड्यावरचा

मी धनगर. घरी अजून मेंढरं हायत, दीडशे, मी पुण्यात शिकायला असलो तरी दसऱ्यानंतर वाडा, म्हणजे आमचा कळप नि बिऱ्हाड, कोकणाकडं निघतो तेव्हा पहिले पंधरा दिवस मी असतोच.

ताई, आईंनी कशावरून ओळखलं ते मी सांगतो. शेपूट. मेंढराची शेपटी खाली लोंबते, शेरडाची उभी असते. लांबून कळपात बघितलं तरी आम्ही शेपटीवरून सांगतो. तुमच्याकडं फोटो असले तर त्यात शेपूट बघा. दुसरं, मेंढराच्या डोळ्यापुढं एक खाच असते, त्यात चिकट असतंय, आणि चारी खुरांच्या बेचक्यात बारीक भोक असतंय. शेरडाला डोळ्यापुढची ती खाच नसते. भरलला आहे का नाही ते कुणी जाणकारानं सांगावं.

आणि तिसरी खूण सगळ्यात पक्की, ती म्हणजे टक्कर. तुम्ही म्हणता व्हिडिओ आहे. एडका कसा भिडतो माहितीय का, मागं मागं जातो, दहा-पंधरा पावलं, मान खाली घालतो आणि पळत येऊन धाडकन बसतो. जत्रेत एडक्यांच्या टकरी बघितल्या असतील तर आवाज आठवेल, कवटीचा आवाज. बोकड तसं करत नाही. बोकड जागेवरच मागच्या दोन पायांवर उभा राहतो, मान तिरकी करतो आणि वरून डोकं खाली आणतो. तुमच्या व्हिडिओत यातलं काय आहे ते बघा, निकाल लागतो.

आता डोंगरवाट दादांना एक बोलायचंय, राग मानू नका. कळप सरळ बंद करा हे लिहायला एक ओळ लागली. आम्ही हे आयुष्यभर ऐकतोय. सुप्याच्या बाजूला, मयूरेश्वर अभयारण्याच्या अंगानं आमचं जाणं-येणं, तिथं चिंकारा आहे, लांडगा आहे. लांडगा कोकरू नेतो, वर्षाला दोन-चार जातातच. माझे आजोबा म्हणायचे त्याचा पण वाटा असतो. त्यांनी कधी विष घातलं नाही का फास लावला नाही. जे गवताळ रान चिंकाऱ्याला लागतंय तेच आमच्या मेंढरांना लागतंय, आणि त्या रानाला लोक पडीक म्हणतात, पडीक म्हणून प्लॉट पाडतात, झाडं लावतात, कंपन्या आणतात. आमच्या मेंढरांनी रान संपवलं का प्लॉटिंगनं, हे पुण्यातून सासवडकडं जाताना खिडकीतून कुणालाही दिसंल. लडाखचा मेंढपाळ पण आमच्यासारखाच असणार. त्याला विचारल्याशिवाय त्याचं कुरण बंद करू नका एवढंच.

---

पशुवैद्य_हडपसर

लोकरीचा प्रश्न अजून कोणी घेतला नाही म्हणून तो आधी घेतो.

सायली, जंगली मेंढीला आपल्याला वाटते तशी लोकर नसतेच. न्यान घ्या, शापो घ्या, इराणकडची मूफ्लॉन घ्या, सगळ्यांच्या अंगावर वरून राठ सरळ केस असतात, हरणासारखे, आणि त्याच्या खाली बारीक मऊ लोकरीचा पातळ थर. थंडीत तो थर दाट होतो आणि उन्हाळा आला की पुंजक्या-पुंजक्यांनी गळून जातो. पुढे माणसाने मेंढी पाळली, पिढ्यान् पिढ्या निवड करत करत वरचे राठ केस कमी कमी होत गेले आणि खालची लोकर वाढत गेली, आणि ती गळायची थांबली. म्हणून तर कातरावी लागते. आपली दख्खनी मेंढी हातात घेऊन बघा, परदेशी मेरिनो मेंढीसारखी मऊ नाही, लोकरीत राठ केस भरपूर मिसळलेले असतात, त्यामुळे घोंगडी टोचते पण पावसात तीच कामाला येते. म्हणजे दख्खनी मेंढीच्या अंगावर जुन्या जंगली केसांची थोडी आठवण अजून आहे असं मला नेहमी वाटतं.

थोडक्यात लोकर नाही म्हणून ती मेंढी नाही, एवढं मात्र आईंना सांगा की चालणार नाही. बाकी त्यांचा निष्कर्ष बरोबर आहे.

वाड्यावरचा, तुमच्या खुणा एक नंबर. भरलला डोळ्यापुढची ग्रंथी नाही, शेपटीची खालची बाजू शेळीसारखी उघडी असते, केस नसतात. मेंढीच्या बाजूने म्हणाल तर दाढी नाही आणि बोकडाचा तो उग्र वास नाही. आणखी एक, पाळीव मेंढीच्या पेशीत ५४ गुणसूत्रं असतात, शेळीच्या ६०. म्हणून शेळी-मेंढी एका वाड्यात वर्षानुवर्षं राहिल्या तरी संकर जवळजवळ होत नाही. मूफ्लॉनची पण ५४. न्यानची मात्र ५६ आणि शापोची ५८. त्यावरून आणि नंतरच्या डीएनएवरून हे स्पष्ट झालं की आपली पाळीव मेंढी मूफ्लॉनपासून आली, लडाखच्या मेंढ्यांपासून नाही.

आणि शिंग. बऱ्याच जणांना वाटतं की ते गळून पडतं. गळतं ते सांबर-चितळाचं. मेंढी-शेळीच्या शिंगाच्या आत हाड असतं, वरून नखासारखं टोपण, ते जन्मभर वाढत राहतं, हिवाळ्यात वाढ मंदावते त्यामुळे दर वर्षाचं एक वळं उमटतं. वळी मोजून नराचं वय सांगता येतं. तेव्हा आईंना सापडलेलं शिंग म्हणजे ते जनावर मेलेलंच होतं, हिमबिबट्याने मारलं असेल, लांडग्याने, किंवा हिमकड्याखाली सापडलं असेल.

आता कळपांच्या वादात मी माझ्या धंद्यातलं एक सांगतो, कारण चराईवर सगळे बोलतात आणि रोगावर कोणी बोलत नाही. अमेरिकेत रॉकी पर्वतात बिगहॉर्न म्हणून जंगली मेंढी आहे. तिथे पाळीव मेंढ्यांच्या नाकात-घशात मायकोप्लाझ्मा नावाचा एक जंतू असतो, पाळीव मेंढीला त्याने विशेष काही होत नाही, पण बिगहॉर्नमध्ये तो गेला की न्यूमोनियाने कळपच्या कळप मरतात, आणि वाचलेल्या माद्यांची कोकरं पुढची काही वर्षं जगत नाहीत. नाकाला नाक लागलं तरी पुरतं. मंगोलियात २०१६-१७ च्या हिवाळ्यात पीपीआर या साथीच्या रोगाने सायगा हरणं हजारोंनी मेली, आयबेक्सही मेले, आणि तो रोग आला होता पाळीव शेळ्या-मेंढ्यांतून. पीपीआर म्हणजे तीच, ज्याची लस आपण वाड्यावर जाऊन देतो. ती लस तुमच्या दीडशे मेंढरांना दिली की फायदा तुमचाच असतो, पण लडाखमध्ये तीच लस दिली की फायदा वरच्या न्यानलाही होतो. कळप बंद करण्यापेक्षा कळप निरोगी ठेवणं जास्त जमण्यासारखं आहे.

---

अभिजीत_सिंहगडरोड

मध्येच विचारतो, आम्ही मुन्नारला इराविकुलमला गेलो होतो तिथे नीलगिरी ताहर बघितला, अगदी रस्त्यावर येऊन उभा राहतो, तो पण भरलसारखाच का? आणि मग आपल्या सह्याद्रीत का नाही, कडे तर आपल्याकडे पण आहेत.

---

डोंगरवाट

अभिजीत, ताहरची गोष्ट बरोबर उलटी आहे! दिसायला अस्सल शेळी, कड्यावर राहणारी, आणि पूर्वी तिला हिमालयातल्या ताहरबरोबर एकाच गटात टाकलं होतं. २००५ मध्ये डीएनए बघितला तर हिमालयी ताहर शेळ्यांच्या जवळचा निघाला आणि नीलगिरी ताहर मेंढ्यांच्या जवळचा. म्हणून त्याला वेगळा वंश दिला. म्हणजे उत्तरेत मेंढी म्हणतात ती शेळीकडची आणि दक्षिणेत शेळीसारखी दिसते ती मेंढीकडची. आपल्याकडे नाही कारण तो आता फक्त तमिळनाडू आणि केरळातल्या डोंगरमाथ्यांवर उरलाय, वर गवताळ पठार आणि शेजारी कडा असं दोन्ही त्याला लागतं.

वाड्यावरचा, तुमचं वाचलं आणि काल रात्री परत वाचलं. मी 'सरळ बंद करा' असं लिहिलं ते चुकलं, मागे घेतो. आणि गंमत म्हणजे सायलीताई ज्या गावात राहून आल्या त्या किब्बरनेच याचं उत्तर दिलंय आणि ते मला माहीत असून मी लिहिलं नाही. चारुदत्त मिश्र आणि त्यांची नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन ही संस्था १९९० च्या दशकापासून तिथे काम करतेय. त्यांनी बाहेरून बंदी आणली नाही. गावाशी बसून बोलले, गावाने स्वतःच्या कुरणातला एक तुकडा काही वर्षं न चारता ठेवायचं मान्य केलं, त्याचा मोबदला गावाला मिळाला, राखण करायला गावातलीच पोरं. त्या तुकड्यात भरल काही वर्षांत कितीतरी पटींनी वाढलं. शिवाय जनावरांचा विमा गावानेच चालवायचा, म्हणजे हिमबिबट्याने याक नेला तर भरपाईसाठी कुठल्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. ताईंना होमस्टेच्या मागेच पंचवीस-तीस दिसली ना, ती काही आपोआप तिथे आलेली नाहीत.

आणि भरल असेल तरच हिमबिबट्या असतो, त्या भागात त्याचं मुख्य खाणं तेच. जानेवारी २०२४ मध्ये देशाची पहिली मोजणी जाहीर झाली, ७१८ हिमबिबटे, त्यातले ४७७ एकट्या लडाखमध्ये. भरल कमी झालं की तो गोठ्यात शिरतो.

माझ्या मते सध्या सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे मोकाट कुत्री. लेहच्या आसपास, पर्यटकांचं आणि छावण्यांचं उष्टं खाऊन टोळ्या वाढल्यात, त्या टोळ्या जंगली जनावरांची पिल्लं मारतात, मोठ्यांनाही दमवून मारतात, मेंढपाळाचे कळपही फाडतात. यात मेंढपाळाचा काही दोष नाही, दोष आपल्यासारख्या तिथे जाणाऱ्यांचा आहे. शिळी मॅगी गाडीबाहेर टाकू नका एवढं तरी प्रत्येक जण करू शकतो.

---

उत्खनन

पशुवैद्य सरांनी मूफ्लॉनचं सांगितलं त्याला जोडून लिहितो, मी पुरातत्त्वाचा विद्यार्थी आहे, प्राण्यांची हाडं हा माझा विषय.

सह्याद्रीत किंवा दख्खनमध्ये जंगली मेंढी कधी नव्हतीच. मेंढी पाळीव झाली ती पश्चिम आशियात, आजच्या तुर्कस्तान-इराणच्या डोंगरपट्ट्यात, सुमारे दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी, आणि ती पाळीव होऊनच इकडे आली. आपल्या शिरूर तालुक्यात इनामगाव आहे, घोड नदीकाठी, डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ तिथे उत्खनन केलं. ताम्रपाषाण काळातलं गाव, इ.स.पू. १६०० ते ७०० च्या दरम्यानचं. तिथे बैलांची हाडं आहेत, हरणांची आहेत, आणि शेळ्या-मेंढ्यांची आहेत. म्हणजे पुणे जिल्ह्यात मेंढरं किमान तीन हजार वर्षं आहेत.

आणि सायलीताई, तुमच्या घरात जो वाद चाललाय तोच आमच्या लॅबमध्ये रोज चालतो. शेळीचं आणि मेंढीचं हाड वेगळं ओळखणं हे आमच्याकडे सगळ्यात अवघड कामांपैकी एक. बरगडी, मणके यावर तर सांगताच येत नाही. शिंगाच्या आतलं हाड मिळालं तर सोपं, मेंढीचं कापल्यावर तिकोनी-गोलसर, शेळीचं चपटं बदामी. पायाच्या नळीचं खालचं टोक मिळालं तर बोट फिरवून अंदाज येतो. नाहीतर सगळ्या जगात रीत अशी आहे की वहीत 'मेंढी/शेळी' असंच लिहून पुढे जायचं. मी पहिल्या वर्षी एक टाचेचं हाड तीन दिवस हातात घेऊन बसलो होतो, एका बाजूने मेंढी वाटायचं, फिरवलं की शेळी. शेवटी गोखलेनगरला मेंढी फार्मच्या बाजूने जाताना थांबलो आणि कुंपणातून जिवंत जनावरं कशी चालतात ते तासभर बघत बसलो. पाय टाकण्यात फरक आहे. मेंढी सपाट टाकते, शेळी टोकावर. लडाखच्या न्यानबद्दल डोंगरवाट यांनी जे लिहिलं, मोकळ्यावर पळते, कड्यावर जात नाही, ते वाचून मला ते हाड परत आठवलं.

---

सायली_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रविवारी हे सगळं आईला मोठ्याने वाचून दाखवलं, वाड्यावरचा यांचं दोनदा वाचायला लावलं. आजोबांचं लांडग्याच्या वाट्याचं वाक्य ऐकून ती थोडा वेळ गप्पच बसली, मग म्हणाली आमच्या रानात बसायचे ते म्हातारेबाबा पण असंच म्हणायचे, पहाटे मोजणी झाली की एखादं कमी भरायचं आणि ते फक्त मान हलवायचे. लोकरीचं मात्र तिने एका झटक्यात मान्य केलं, म्हणाली खरंच की, घोंगडी टोचते ती त्या केसांनीच.

मग व्हिडिओ टीव्हीवर लावला. दोन मिनिटांचा आहे, त्यात बराच वेळ माझा हात हलतोय. पण एक मिनिट दहा सेकंदांवर डावीकडचा नर मागच्या दोन पायांवर सरळ उभा राहतो, पुढचे पाय छातीशी घेतो, मान उजवीकडे तिरकी करतो, क्षणभर तसाच, आणि मग खाली येतो. दुसरा खालीच उभा आहे, डोकं वर करून वाट बघत. मागे जाणं नाही, पळत येणं नाही. आवाज वाऱ्यामुळे ऐकू येत नाही पण शिंगाला शिंग लागल्यावर त्यांच्या अंगावरची धूळ उडालेली दिसते. आईने रिमोट माझ्या हातातून घेतला, तेवढाच भाग परत परत लावला, आणि नर वर उभा राहिला तिथे थांबवून म्हणाली, "बघ, बोकड."

शेपटी पण फोटोत बघितली, पिल्लाची उभी आहे. तेव्हा करडूच.

पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये त्सो कारला जायचं तिने कालच ठरवलंय, न्यान बघायला. डोंगरवाट, तुमच्या त्या गाडीवाल्यांशी बोलणं करून द्याल का, आणि ६४ व्या वर्षी तिथली उंची झेपण्यासाठी लेहमध्ये किती दिवस थांबावं ते पण सांगा.